वाकड्या तोंडाची भट्टी

अर्धवट राहिलेल्या पिरॅमिडवर दगड चढवायच्या विटांच्या उताराशी रोट्या भाजायची मातीची भट्टी सापडली, तेव्हा नरमीनबाई वाळूतच नाचल्या. पुराणवस्तू खात्याच्या अधिकारी, पण वय तिशीच्या आतलं.

"बाशरीकाका, विटा बघा! उतारातल्याच आहेत. राजाच्या गवंड्यांची भट्टी ही!"

बाशरी मुकादम बघतच राहिला. विटा राजाच्या काळातल्या होत्या, त्यात खोट नव्हती. भट्टी मात्र त्याच्या आईची होती.

साठ वर्षांमागं त्याचा बाप इथंच खोदकामावर मुकादम होता. एका हिवाळ्यात आई पोरांना घेऊन कुफ्त गावाहून आली आणि उताराच्या विटा काळ्या चादरीत गुंडाळून तिनं खुशाल पळवल्या. गोरा साहेब तणतणला, तर म्हणते कशी, "राजाला आता कुठं लागतायत? माझी पोरं उपाशी आहेत." भट्टीचं तोंड तेवढं वाकडं झालं, कारण ओल्या मातीवर चार वर्षांचा बाशरी फतकल मारून बसला. उन्हात फुगवलेल्या पिठाच्या तिच्या जाड रोट्यांसाठी खोदणारे गडी रांग लावायचे. तसा हिवाळा पुन्हा आलाच नाही.

"राजाच्या काळची म्हणून भोवती कठडा घालू," नरमीनबाई म्हणाल्या. "अलीकडची असती, तर फोटो काढून मोडली असती आणि खाली खणलं असतं."

मुकादमानं भट्टीच्या वाकड्या तोंडावरून हात फिरवला. नुसतं गप्प बसलं की आईची भट्टी कायमची उभी राहणार होती. मातीतली वस्तू किती जुनी, या बाबतीत चाळीस वर्षं त्याचा शब्द कुणी खोडला नव्हता.

"काय काका, राजाची भट्टी बघून भूक लागली वाटतं?" शाजली नावाच्या गड्यानं डिवचलं.

"राजाची कसली रे! माझ्या आईची आहे. तोंड वाकडं दिसतंय ना, तिथं मी बसलो होतो."

सगळे हसले; मुकादम हसला नाही.

"काका, नक्की?" नरमीनबाईंचा आवाज पडला.

"नक्की. आणि मोडायची तर मीच मोडणार."

दुपारभर त्यानं एकेक वीट हातानं उतरवली. आतल्या लेपावर आईची चार बोटं उमटली होती. त्यांवर आपली बोटं ठेवून तो पोरासारखा रडला.

नरमीनबाईंनी हळूच वही उघडली. "कुणाची म्हणून लिहू? बाशरीची आई?"

गडी घुटमळत उभे होते. आईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. मयतीच्या दिवशीही लोक तिला बाशरीची आईच म्हणाले होते.

"जनूबा," बाशरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हमदानची लेक, जनूबा. लिही पोरी."