चार कवड्या आणि माझा हेवा

मी एक जुनी पल्लांगुळी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने फार हेवेखोर आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण माझ्या आयुष्यात जे काही घडलं त्याच्याशी तिचा संबंध आहे.

पल्लांगुळी कशी असते ते तुमच्यापैकी सगळ्यांना ठाऊक नसेल. दोन लांबट फळ्या पितळी बिजागरीने जोडलेल्या असतात. प्रत्येक फळीत सात गोल खळगे. फळ्या उघडून जमिनीवर ठेवायच्या, प्रत्येक खळग्यात पाच-पाच कवड्या घालायच्या आणि समोरासमोर दोघींनी बसायचं. एका खळग्यातल्या कवड्या उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. एखाद्या खळग्यात चार कवड्या जमल्या की ती झाली गाय. ज्या बाजूला गाय, त्या बाजूची ती.

माझा जन्म तंजावूरला, वीणा करणाऱ्या एका सुताराकडे झाला. फणसाचा एक मोठा ओंडका आला होता. त्याच्या मधल्या भागाची वीणा झाली आणि काठाला उरलं त्याची मी. वीणेला सुताराने महिनाभर घासलं, तिच्यावर वेलबुट्टी कोरली. मला दोन दिवसांत उरकलं. मग तिरुवैयारुचे एक गवई आले, वीणा मांडीवर घेऊन त्यांनी तार छेडली, आणि दुकानातली सगळी माणसं हातातलं काम टाकून जवळ आली. मी कोपऱ्यात भुशात पडून ते बघत होते. एकाच झाडाची आम्ही दोघी! त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुरतं कधी थांबलंच नाही.

पुढे तिरुवैयारुच्या एका मराठी घरातल्या मुलीचं, अंबाचं, लग्न ठरलं. तिच्या रुखवतात मला ठेवलं. सोबत लाल कापडी पिशवीत रामेश्वरहून आणलेल्या सत्तर कवड्या. अंबाबरोबर मी पुन्हा तंजावूरला आले, राजवाड्यामागच्या गल्लीत, गोपालकृष्ण नावाच्या बँकेतल्या कारकुनाच्या घरी. घर लहान होतं, पण रस्त्याकडे ओटा होता, त्यावर सकाळचं ऊन यायचं.

नव्या संसारात अंबाला खेळायला वेळ कुठला? मी दहा-अकरा वर्षं कपाटावर पडून होते. खाली रेडिओ आला, मग टीव्ही आला, त्याच्यावर झालरीचं झाकण आलं. माझ्यावर धूळ आली.

मग एका डिसेंबरात अंबाच्या मुलीला, हरिणीला, कांजिण्या आल्या. बऱ्या झाल्यावरही आठ दिवस बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. अंबाने मला खाली काढलं, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि समोरच्या घरातल्या कविताला बोलावलं. कविताला कांजिण्या आधीच येऊन गेल्या होत्या. कविता तमिळ बोलायची, हरिणी मराठी, आणि भांडताना दोघी दोन्ही भाषा एकत्र करायच्या. त्या सुट्टीपासून माझे चांगले दिवस सुरू झाले. सहामाही परीक्षा संपली की नाताळच्या सुट्टीत दोघी रोज ओट्यावर मला उघडायच्या. मार्गळी महिन्याची, म्हणजे धनुर्मासाची थंडी, अंगणातली ओली रांगोळी, देवळातून आलेला गरम पोंगल, म्हणजे मूगडाळ-तांदळाची खिचडी, केळीच्या पानावर, आणि मध्ये मी. मित्रांनो, इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. मला वाटायचं, या दोघी माझ्याच आहेत.

एकोणीसशे शहाण्णव सालच्या सुट्टीत हरिणीने तिसरीला घरी आणलं.

तिचं नाव कृष्णवेणी. सगळे तिला वेणी म्हणायचे. हरिणीच्याच वर्गात होती, शाळेच्या हॉस्टेलात राहायची. तिचे अप्पा-अम्मा मस्कतला नोकरीला होते. सुट्टीत हॉस्टेल बंद होणार होतं. तिला न्यायला येणारे काका ऐन वेळी आले नाहीत. सगळ्या मुली गेल्या आणि ही एकटीच पत्र्याच्या पेटीवर बसून राहिली, ते हरिणीने पाहिलं. ती घरी येऊन अंबाला म्हणाली, "अम्मा, तिला आपल्याकडे आणूया. माझ्या चटईवर झोपेल." त्याच संध्याकाळी गोपालकृष्ण सायकलरिक्षा घेऊन गेले आणि वेणीला पेटीसकट घेऊन आले.

हे सगळं हरिणीच्या मनातून आलं होतं, हे विसरू नका. ती वाईट मुलगी नव्हती.

वेणीने मला पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पितळेची होती. मोरासारखे पाय होते तिला." झालं. त्या क्षणापासून मी तिचा राग धरला. पितळेची, आणि मोरासारखे पाय! मला पायच नाहीत.

पण खेळायला बसली की ती पोर भराभर गायी जमवायची. कविता याआधी कधी कुणाकडून हरली नव्हती, ती चकित झाली. "तू मोजतेस कधी?" तिने विचारलं. वेणी म्हणाली, "मोजत नाही. हॉस्टेलात चिंचोके घेऊन एकटीच दोन्ही बाजूंनी खेळते. सवय झाली आहे." कविताला ते फार आवडलं. आणि माझ्या पाटावर तर दोनच बाजू. मग कविता आणि वेणी खेळायच्या, आणि हरिणी बाजूला गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसायची.

आणखी एक गोष्ट झाली. कविताच्या वडिलांचं, मणींचं, गल्लीच्या तोंडाशी नवीन टेलिफोन बूथ होतं. काचेचं दार, आत लाल आकडे पळणारं यंत्र. मस्कतहून वेणीच्या अम्मांचा फोन तिथे येणार असं ठरलं होतं, पण नेमका कधी ते ठरलेलं नव्हतं. म्हणून दुपारी वेणी बूथवर जाऊन बसायची आणि कविता तिच्या सोबतीला. हरिणी पहिल्या दिवशी गेली. बाकावर दोघींचीच जागा होती. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही.

घरात अंबाही वेणीच्या मागे. पोरीची आई जवळ नाही म्हणून तिच्या केसांना तेल लावायची, तिला पहिला डोसा वाढायची. वेणी आपल्या आजीकडून शिकलेलं थोडंच मराठी बोलायची, पण अगदी जुन्या वळणाचं, अंबाच्या आजीसारखं, आणि ते ऐकून अंबाला भरून यायचं. "बैस गे, आणखी एक घे," ती म्हणायची. हरिणीने त्या आठवड्यात आपले केस आपणच विंचरले. भांग वाकडा पडला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मित्रांनो, मला हरिणीच्या मनातलं सगळं कळत होतं, कारण माझ्या मनातही तेच होतं. आम्ही दोघी एकाच मुलीवर जळत होतो. मला पितळेचे मोर दिसायचे, तिला बाकावरच्या दोघी दिसायच्या.

सव्वीस डिसेंबरच्या दुपारी त्या दोघी बूथवर गेल्या असताना हरिणी एकटी माझ्यापाशी आली. तिने एका खळग्यातल्या चार कवड्या उचलल्या आणि आपल्या कंपासपेटीत ठेवल्या. खेळ बंद पडावा, एवढंच तिला हवं होतं. मला किती बरं वाटलं, ते आज सांगायला लाज वाटते.

संध्याकाळी कविताने कवड्या मांडल्या आणि शेवटच्या खळग्यात एकच उरली. तिने पुन्हा मोजल्या. सहासष्ट. पिशवी झटकून पाहिली, चटई उचलून पाहिली. अंबा स्वयंपाकघरातून आली. तिच्या आईने रामेश्वरहून आणलेल्या त्या कवड्या. आई आता नव्हती. तिचा चेहरा उतरला.

"हरिणी, तू पाहिल्यास का गे?"

हरिणी खाली बघत म्हणाली, "वेणीला आवडतात कवड्या. ती मुठीत धरून बसते. तिलाच विचार."

एवढंच वाक्य. अंबा मऊ आवाजात म्हणाली, "वेणी, चुकून पेटीत गेल्या असतील तर बघ हां."

तिने ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. वेणी उठली, आपली पेटी ओट्यावर घेऊन आली आणि सगळ्यांसमोर एकेक वस्तू काढून चटईवर मांडू लागली. दोन युनिफॉर्म. रिबिनी. मस्कतची तिकिटं लावलेल्या पत्रांचा गठ्ठा. चिंचोक्यांची डबी. अर्धं वेष्टन उघडलेला एक साबण. तो हातात धरून ती म्हणाली, "हा अम्मांचा आहे. वापरत नाही, नाहीतर वास जाईल." मग तिने रिकामी पेटी उलटी केली. त्यातून एक सुटं बटण पडलं.

"तुमची ती पितळेची पल्लांगुळी," कविताने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ती कुठे आहे?"

"काकांनी नेली. आजी गेल्यावर घरही त्यांनीच घेतलं," वेणी म्हणाली. "आता इथे आमचं घर नाही."

मित्रांनो, मी या गोष्टीचा हेवा करत होते. तिच्याकडे नसलेल्या वस्तूचा. माझे चौदा खळगे त्या वेळी आतून कोरडे पडले असं मला वाटलं. मला तोंड असतं तर मी कंपासपेटीकडे बोट दाखवलं असतं, असं मी आता म्हणते. पण तासाभरापूर्वी तोंड असतं तर मी गप्पच बसले असते, हेही खरं आहे.

त्या रात्री वेणी जेवली नाही. सकाळी अंबा दारात रांगोळी घालत होती, तेव्हा ती पेटी घेऊन ओट्यावर येऊन बसली. गोपालकृष्ण वर्तमानपत्र घ्यायला बाहेर आले, तर ती म्हणाली, "मला हॉस्टेलवर सोडता का?"

"दोन तारखेपर्यंत कुलूप आहे तिथे."

"वॉचमन असतो. मी व्हरांड्यात राहीन."

 अंबाचा रांगोळीचा हात थांबला. समोरून कविता आपल्या दारात उभी राहून बघत होती. आणि आतून हरिणी आली. तिने कंपासपेटी उघडली आणि वेणीच्या पेटीवर चार कवड्या एका ओळीत ठेवल्या.

"मी घेतल्या," ती म्हणाली.

 वेणीने विचारलं, "का?"

"तू आल्यापासून मला कुणी खेळायला घेत नाही. मी नुसती शेजारी बसून बघते." हरिणी रडत नव्हती. तिचा आवाज मात्र भलताच बारीक झाला होता. "मीच तुला आणलं आणि मीच बाहेर."

वेणी कवड्यांकडे बघत राहिली. "रविवारी हॉस्टेलात सगळ्यांचे आई-बाप येतात," ती म्हणाली. "मी पण शेजारी बसून बघते. पण मी कुणाचं काही घेतलं नाही."

कविता रस्ता ओलांडून आली, हरिणीला एवढंच म्हणाली, "तिला चोर ठरवलंस," आणि परत गेली. घरी जाऊन तिने दार लावून घेतलं.

अंबाने हरिणीला मारलं नाही, रागावलीही नाही. रांगोळीचे हात पदराला पुसून ती वेणीसमोर खाली बसली. "पेटी बघ असं मी म्हणाले. हरिणीने घेतल्या, पण ते मी म्हणाले. चुकलं माझं," असं मोठ्या माणसासमोर बोलावं तसं ती बोलली.  गोपालकृष्णांनी पेटी उचलून आत नेली, तेव्हा वेणीने अडवलं नाही.

पुढचे चार दिवस मला कुणी उघडलं नाही. कविता आली नाही. हरिणी रोज दुपारी बूथवर जायची. बाकावर वेणी आणि कविता, आणि ही बाहेर उन्हात, काचेपाशी उभी. आत ये असं कुणी म्हणालं नाही. तरी ती उभी राहायची. हे मला नंतर अंबाच्या बोलण्यातून कळलं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मणींनी रिसीव्हर वेणीच्या हातात दिला. वेणी खूप वेळ "हो अम्मा, हो अम्मा" म्हणत होती. मग तिने काचेतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "हो, इथे मैत्रिणी आहेत. दोन."

एक जानेवारीला तिघी ओट्यावर आल्या. कविता अजून हरिणीशी सरळ बोलत नव्हती. हरिणीने मला उघडलं, सत्तर कवड्या मांडल्या, त्या दोघींना समोरासमोर बसवलं आणि आपण बाजूला बसली. अर्धा डाव झाल्यावर कविता तिच्याकडे न बघता म्हणाली, "हरेल ती उठेल." ती स्वतःच हरली आणि उठली. मग हरिणी खेळली. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. प्रत्येकीला कधी ना कधी बाजूला बसावं लागलं.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. कविताच्या मनात ते बरेच दिवस राहिलं. पण वेणी पुढच्या तीन नाताळांना आमच्याकडेच आली. मग तिचे अम्मा-अप्पा मस्कतहून परतले आणि मद्रासला घर घेऊन राहिले. तिघींची पत्रं चालू आहेत. मुली आता अकरावीत आहेत. मला क्वचित खाली काढतात. माझ्या एका फळीला चीर गेली आहे, बिजागरी करकरते. गल्लीवरून केबलच्या तारा गेल्या आहेत आणि प्रत्येक घरातून एकाच वेळी एकच गाणं ऐकू येतं. त्या टीव्हीवर मी अजून जळते. स्वभाव एवढ्यात जात नाही.

म्हणून तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. घरात माझ्यासारखं जुनं लाकूड असेल तर वर्षातून एकदा तरी त्याला तेलाचा हात लावा, भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा, आणि सुट्टीत खाली काढा. आणि सुट्टीत मित्रमैत्रिणी घरी जमतील, तेव्हा बाजूला कोण बसलं आहे ते एकदा बघा. ते बसलेलं माणूस तुम्हीच असलात, तर कवड्या उचलू नका. तोंड उघडा आणि सांगा. आम्हा लाकडांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

मागच्या महिन्यात हरिणीने शिकवणीतल्या एका नव्या मुलीला घरी आणलं. मला उघडलं, तिला आपल्या जागी बसवलं, समोर कविताला बसवलं, आणि स्वतः बाजूला बसून त्या मुलीला नियम समजावून सांगू लागली. ती नवी मुलगी माझ्या खळग्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "किती गुळगुळीत आहे." मित्रांनो, त्या दिवशी मी कुणाचाच हेवा केला नाही.