ज्या ओव्यांना जीबीभरही जागा लागली नाही

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर पहिल्याच दिवशी चोरीचा आळ आला. देवासला प्रतापरावांच्या संगणकात मला बसवलं. खोक्यावर हजार जीबी लिहिले होते, पडद्यावर नऊशे एकतीसच दिसले. प्रतापराव दुकानदार गोलूवर उखडले.

"गोलू भिया, बाकीचे काय उंदरांनी खाल्ले?"

"काकासाहेब, कंपनी हजाराने मोजते, कंप्यूटर एक हजार चोवीसने. माप वेगळं, माल तोच."

"म्हणजे दूधवाल्याचा लिटर!"

पाहुण्यांना अर्धा कप चहा देऊन 'घ्या की अजून' म्हणणारं हे घर; त्यांना माझं माप खुपलं!

घरात प्रतापरावांच्या आत्या होत्या, उमाबाई. लग्नात घाणा भरताना, सुवासिनी मुसळाने हळद कांडतात तेव्हाच्या ओव्या फक्त त्यांना येत. थकल्या तेव्हा त्यांनी त्या गाऊन रेकॉर्ड करून ठेवल्या. म्हणाल्या, "मी नसले तरी राजनंदिनीच्या घाण्याला आवाज घरचा असू द्या." राजनंदिनी ही प्रतापरावांची लेक. तिच्या भावाने, रणवीरने, ओव्या माझ्यावर उतरवल्या. नाव घालायचा कंटाळा केला, नुसती तारीख राहिली. पुढे उमाबाई गेल्या.

राजनंदिनीचं लग्न ठरलं. मांडूच्या महालांवर ड्रोन उडवून नवरा-नवरीचा व्हिडिओ झाला. त्याला जागा हवी, म्हणून रणवीर पुसू लागला. सिनेमे पुसले, मोकळ्या जागेचा आकडा हलेना. फोटो पुसले, तरी हलेना. हलणार कसा? पुसलेलं सगळं माझ्याच कचरापेटीत पडून होतं. भंगार गच्चीवर टाकून घर रिकामं झालं का बघण्यातला प्रकार! शेवटी तो तारखांच्या फायलींपाशी आला.

"दीदी, ये क्या है? ठेवू का?"

मेंदीचे नमुने बघता बघता राजनंदिनी म्हणाली, "नाव नाही ना? मग हटव."

आकडा तरीही तोच. गोलूला फोन लागला. "अरे भिया, रिसायकल बिन तो खाली करो!"

बिन रिकामी झाली, आकडा वाढला, घर खूश. तेव्हाही ओव्या माझ्यातच होत्या, मित्रांनो. पुसला जातो तो फक्त पत्ता. त्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत माल जागेवरच असतो. पण मला तोंड कुठे? मी घरघरत राहिले, आणि ओव्यांवर ड्रोन उतरला.

हळदीच्या दिवशी सुवासिनींनी मुसळ धरलं. प्रतापराव म्हणाले, "रणवीर, आत्यासाहेबांना लाव."

रणवीर शोधत राहिला. राजनंदिनीला आधी कळलं. तिने हळदीचे हात तोंडावर घेतले. गोलू धावत आला, बराच वेळ खटपट करून मान खाली घालून म्हणाला, "व्हिडिओ टाकायच्या आधी बोलवायचं होतं, भिया."

मुसळ मुक्याने पडत राहिलं.

मित्रांनो, आवाजाला नाव द्या. एक प्रत दुसरीकडे ठेवा. पुसण्याआधी एकदा तरी ऐका. तो व्हिडिओ लग्नानंतर कुणी उघडलेला नाही. आणि त्या साऱ्या ओव्यांनी मिळून माझा एक जीबीसुद्धा अडवला नव्हता.