ओवाळणीतलं नाणं

भाऊबीजेच्या संध्याकाळी बाबांचं पुन्हा सुरू झालं. हातात काचेची डबी, डबीत सोन्याचं रोमन नाणं.

"वरुण, बघ. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा. गादीचा वारस. माझ्यामागे हे तुझं."

लिलावाच्या साइटवर ते नाणं मी शोधून दिलं होतं. मी अवनी, वरुणची थोरली बहीण. मला एका जागी बसवेना. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. आमच्या सेंगकांग उपनगराची छोटी एलआरटी ट्रेन समोरून खडखडत गेली.

"अगं, ओवाळून घे आधी," आई म्हणाली.

मी वरुणला कुंकू लावलं, अंगठी-सुपारी त्याच्या तोंडाभोवती फिरवली, निरांजनाने ओवाळलं. वरुणने ओवाळणीसाठी खिसे चाचपले. रिकामे.

"बाबा, नाणं माझंच ना?"

"म्हणजे काय! तुझंच."

"मग कॅन लाह! चालतंय की!" असं इथल्या बोलीत म्हणत त्याने डबी उघडली आणि नाणं माझ्या तबकात टाकलं.

बाबांचा हात झटकन पुढे आला. आईने तो धरला. "ओवाळणी परत घेत नाहीत."

बाबा हॉलमध्ये येरझारा घालू लागले. मग माझ्यासमोर थांबले.

"अवनी, वरुणला मुलगा झाला की त्याला देशील ना हे?"

"आणि मुलगी झाली तर?"

बाबांनी पुन्हा येरझारा सुरू केल्या.