चपलेचा फोटो

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यातही शेजारीपाजारी दाटीवाटीने उभे होते आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खिळले होते. महाराजांनी पडद्यावर तळहात टेकवला, काहीबाही पुटपुटले, चेल्याने कळ दाबली आणि दोन महिने न उघडलेला एक फोटो उघडला. घरातल्या बाईचा गेलेला नवरा पडद्यावर हसत होता.

अपघातात नवरा गेला, त्याच्या फोनचाही चुरा झाला. शेवटच्या वर्षातले दोनशे फोटो तेवढे त्याने या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. त्याआधीचे फोटो बिनबोभाट उघडत, या दोनशेंवर मात्र एकच उत्तर येई: हे चित्र उघडता येत नाही. त्यात मुलीला तीन दिवस ताप. बाईच्या काळजाचं भीतीने पाणी पाणी झालं होतं.

"जीव अडकलाय त्याचा या फोटोंत," महाराज म्हणाले. "मी हात ठेवला म्हणून एक दिसला. आता सगळे पुसा, नाहीतर तो पोरीला घेऊन जाईल. आणि ही खोली वर्षभर आमच्या साधनेला द्या."

"पुसते, महाराज. पोरीला काही होऊ देऊ नका." बाईने माउस धरला.

"वहिनी, थांब जरा."

नणंद गर्दीतून वाट काढत पुढे आली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि आत्ताच परगावाहून पोचली होती. तिचा फोन भावाच्याच फोनसारखा, दोघांनी बरोबरच घेतलेला. तिने दाराशी पडलेल्या एका चपलेचा फोटो काढला, वायर जोडून कॉम्प्युटरवर उतरवला आणि उघडायला गेली.

हे चित्र उघडता येत नाही.

"महाराज, चपलेचा जीव कशात अडकलाय?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाईला हसू आलं नाही. तिने माउस अजून सोडला नव्हता.

"अश्रद्ध माणसापुढे यंत्रही रुसतं," महाराज म्हणाले.

"रुसत नाही. हे नवे फोन जागा वाचवायला फोटो वेगळ्या प्रकारात साठवतात. इथला फोटो दाखवणारा प्रोग्राम जुना आहे, त्याला तो प्रकार कळत नाही."

"मग यांनी उघडला तो कसा?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"वहिनी, कॉम्प्युटर यांच्याकडे होता का?"

"शुद्धीकरणाला नेला होता. चार दिवस. काल परत आणला."

नणंदेने त्या एका फोटोची माहिती पडद्यावर आणली. "हा तेवढा जुन्या प्रकारात बदललाय. तारीख परवाची. दादाला जाऊन दोन महिने झाले, काका."

सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा चेला जिना उतरत होता. महाराजांनाही अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

दहा मिनिटांत नणंदेने नवा प्रोग्राम घातला. फोटो भराभर उघडू लागले: नवरा दाढी करताना, नवरा मुलीला सायकल शिकवताना. बाई बघत राहिली, आणि मग हुंदका देऊन म्हणाली, "काल महाराजांच्या सांगण्यावरून मी अकरा पुसले गं. कायमचे. परत येतील?"

"बघते प्रयत्न करून. पण सांगता येत नाही." नणंदेने मुलीला शाल गुंडाळून कडेवर घेतलं आणि दारातल्या माणसांकडे वळली.

"हिच्या तापाला डॉक्टर आहे, तिकडेच निघालोय. भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटते. पण भ्यालेल्या माणसाने काही पुसायच्या आधी कुणा जाणत्याला विचारावं, स्वतः एकदा पडताळून बघावं. तुम्ही एवढी माणसं तासभर इथे उभी होता. एकानेही विचारलं असतं, तर बरं झालं असतं."