सातव्या मेंढीचं पुनर्वसन

आखाडातल्या रविवारी, घरात मटण शिजलेलं आणि पंगतीला सतरा माणसं बसलेली असताना, ऋतिकाने ताटातली वाटी उलटी घातली. मथुराबाईंच्या मते याहून मोठा अपमान लोणी काळभोरात गेल्या दहा वर्षांत कुणी कुणाचा केला नव्हता. मसाला त्यांनी स्वतः भाजला होता, तोही डॉक्टरांनी चुलीपुढे बसायला बंदी घातलेली असताना. आणि ही नात, जी तीन वर्षांची असताना नळीच्या तुकड्यासाठी चुलतभावाला चावली होती, ती म्हणाली, "आजी, मला फक्त वरण वाढ."

"वरण!" मथुराबाई पुढे दोन दिवस येईल त्याला सांगत राहिल्या. "पाच वरसं पुण्यात शिकली आन काय शिकली, तर वरण."

"आई, डाएट असेल तिचं. पोरी करतात हल्ली," विश्वजीत म्हणाला. तो ऋतिकाचा बाप, मथुराबाईंचा धाकटा.

"डायटवाली पोरगी न खाईना, पण ताटाकडं बघती तरी. हिनं बघितलंच न्हाय. तू बाप हायेस का पाव्हणा?"

विश्वजीतने पेपर उघडला. आईपुढे तो गेली चाळीस वर्षं पेपरच उघडत आला होता.

पण मथुराबाईंच्या जिवाला खरी टोचणी वेगळीच होती. जेवणं उरकल्यावर ऋतिका मोरीजवळ उभी राहून फोनवर बोलत होती, ते त्यांनी भांडी आवरता आवरता ऐकलं होतं. "हो मॅडम, गुरुवारी सॅक्रिफाइस. सातवी. हो, फॉर्म भरलाय." बोलताना पोरीचा आवाज भिजलेला होता.

मथुराबाई दुसरी शिकलेल्या. तिसरीच्या वर्गात बसायचं वर्ष घर हलवण्यात गेलं. इंग्रजी शब्द आला की त्या तो गिळून ठेवत आणि सवडीने विचारत. सोमवारी त्यांनी विश्वजीतला विचारलं, "सॅक्रिफाइस म्हंजी रं काय?"

"म्हणजे... बळी. का गं?"

"काय न्हाय. पेपर वाच."

बळी. गुरुवारी. सातवी. तोंडात मटण नाही. मथुराबाईंनी दिवसभर जुळवाजुळव केली आणि संध्याकाळी त्यांना घाम फुटला. पोरगी कुणा बुवाच्या नादी लागली होती. त्याने सात गुरुवार सांगितले असणार, मांस वर्ज्य सांगितलं असणार, आणि सातव्या गुरुवारी बळी मागितला असणार. यंत्राचं शिक्षण घेतलेल्या पोरीही असल्या फंदात पडतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी डबा भरला आणि कुणाला न सांगता पीएमटी पकडली.

ऋतिकाची खोली सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मथुराबाई प्रत्येक मजल्यावर थांबल्या. छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काड्यापेटीएवढं मशीन बसवलेलं होतं; चार वर्षांपूर्वी काळीज मधूनच थांबायला लागलं तेव्हाचं. जिना चढताना त्या त्याच्यावर हात ठेवत, जणू कडेवरच्या पोराला धरलंय.

दार उघडणाऱ्या ऋतिकाचे डोळे सुजलेले होते.

"आजी? तू एकटी? बाबा कुठेत?"

"पेपर वाचतोय." मथुराबाई आत शिरल्या आणि खोलीभर नजर फिरवली. बुवाचा फोटो नव्हता. अंगारा नव्हता. कपाटाच्या वरही काही नव्हतं. टेबलावर वायरी होत्या, लॅपटॉप होता आणि एक कागद. इंग्रजी ओळी, त्यांच्याखाली मराठी. मथुराबाईंनी चष्मा लावला. अक्षर अक्षर जुळवत त्या वाचायच्या. पण त्या कागदावर एक लांबलचक जोडाक्षरी शब्द होता, तो मात्र त्यांनी एका दमात वाचला. पुनर्वसन. त्याच्यापुढचा चौकोन रिकामा होता. खालच्या ओळीत 'वेदनारहित मृत्यू' असं होतं, आणि तिथे पेनाने बरोबरची खूण.

"कोण हाय तो बुवा?"

"कुठला बुवा?"

"ज्याला गुरवारी बळी पायजे."

ऋतिका हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मथुराबाईंनी पदर पुढे केला नाही, पाणी दिलं नाही. नुसत्या शेजारी बसल्या. पोरीचं रडणं मधे तोडलं की ते आत राहतं, असं त्यांचं मत होतं.

बुवा नव्हता. मेंढ्या होत्या, सात. ऋतिका आणि तिच्या मॅडमनी हरभऱ्याएवढं एक यंत्र बनवलं होतं. ते मानेतल्या एका शिरेला चिकटवायचं. बारीक बारीक वीज सोडून ते बेताल काळजाला ताळ्यावर आणतं. माणसात बसवण्याआधी जनावरात बसवून बघायचं, असा नियम. सहा मेंढ्यांत यंत्र चालवलं, आणि शेवटी त्यांना झोपेचं औषध देऊन, त्यांची ती शीर आणि काळीज बाहेर काढून तपासलं.

"लॅबमध्ये त्याला सॅक्रिफाइस म्हणतात, आजी. मारलं असं कुणी म्हणत नाही."

"आन सातवी?"

"तिचं यंत्र सुरूच केलं नाही. नुसती तुलनेसाठी होती. तिचं काम संपलं, यंत्रही काढलं. ती धडधाकट आहे."

"मग सोडा की तिला."

"सोडता येत नाही. कायदा आहे. एकतर पुनर्वसन करायचं, नाहीतर..." तिने खुणेकडे बोट केलं. "नेणाऱ्याने लिहून द्यावं लागतं. जन्मभर सांभाळीन, विकणार नाही, कापणार नाही. मी चार ठिकाणी विचारलं. कुणाकडे जागा नाही."

"आन पाचव्या ठिकाणी?"

ऋतिका नखं कुरतडायला लागली.

"घरी न्हाई इचारलंस."

"आजी, आखाड चाललाय," ऋतिका अगदी हळू म्हणाली. "काका पहिल्याच रविवारी बोकड..."

मथुराबाईंनी पिशवीतला डबा काढून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "डबा उघड. भेंडी हाय. मटण न्हाय आणलं मी."

ऋतिकाने झाकण काढलं आणि पुन्हा तिचे डोळे भरले.

"आता रडू नको भेंडीवर. चिकट असती ती आधीच. खा, आन मला तुझी मेंढी दाखव."

संशोधन केंद्रात दुपारी तीनला, काम संपलेल्या जनावरांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. त्याआधी दोघी पोहोचल्या. शर्मिला मॅडमनी मथुराबाईंना खुर्ची दिली. मथुराबाई बसल्या नाहीत.

मेंढी कोपऱ्यात होती. काळी दख्खनी, मान भादरलेली, भादरलेल्या जागी टाक्यांची रेघ. कानात पिवळा बिल्ला, त्यावर ७. तोंड भिंतीकडे. पुढ्यात लसूणघास तसाच पडलेला.

"दोन दिवस खात नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्त तपासलं, ताप नाही. फक्त हृदयाचे ठोके वाढलेत, बघा." पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. एकशे बारा.

"बाई, तुमी लई शिकलेल्या, पण ही भिंतीकडं तोंड का करून हाय, ते त्या टीव्हीत दिसायचं न्हाय. हिच्या सहा जणी कुठं गेल्या ते तिला कुणी सांगितलं न्हाय. एकटी मेंढी खात नसती."

त्या चवड्यावर बसल्या, जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज काढला आणि घास धरलेला हात पुढे केला. लुगड्याला घरच्या दोन शेळ्यांचा वास होता. मेंढीने मान वळवली. पदर हुंगला, हात हुंगला, आणि मग हातातला घास ओढून घेतला. मथुराबाई तिच्या जबड्याखाली खाजवत राहिल्या. मेंढी खात राहिली. ऋतिका पडद्याकडे बघत होती. शंभर. एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी.

"बाई," मथुराबाईंनी मान वर न करता विचारलं, "माझ्या छातीतलं मशीन. ते बी आधी असंच कुणाच्या तरी...?"

"हो, आजी," मॅडम म्हणाल्या. "जगात पहिल्यांदा बनलं तेव्हा, जनावरांतच."

"त्यास्नी बी नंबरच व्हते?"

"असणार."

मथुराबाईंनी दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. चार वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

समितीत वकील होते, अनिरुद्ध नावाचे. पिकलेल्या मिशा, आवाज मऊ, प्रश्न मात्र सरळ. कायद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारायला सुरुवात केली. जागा आहे का, पाणी आहे का, गुरांचा डॉक्टर किती लांब. मथुराबाईंनी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "आपल्या घरी मांसाहार होतो का?"

ऋतिकाने आजीकडे बघितलं. नाही म्हण, आजी. एवढंच म्हण.

"हुतो की. रविवारीच झाला. सतरा माणसं व्हती."

वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"मग ही मेंढी आपल्याकडे सुरक्षित राहील, हे मी कशावरून मानू?"

"हिचं नाव काय, वकीलसाहेब?"

"नाव?" त्यांनी कागद चाळला. "सात क्रमांक."

"म्हणून तुमास्नी शंका येती. नंबराला कोण बी कापंल." मथुराबाईंनी पदर खांद्यावर सावरला. "तुमच्या कागदावर लिवलंय त्ये पुनर्वसन, त्यो शब्द मी शाळेत न्हाय शिकले. वसाहतीच्या पाटीवर शिकले. माझं माहेर धरणात गेलं. आठ वरसांची व्हते. माळावर आणून टाकलं आमाला, दारावर डांबरानं नंबर घातला. एकतीस. आई पाण्याला गेली का बायका म्हणायच्या, एकतीस नंबर आली, सरा गं. दोन वरसं. माझी आई, जिच्या हाताखालनं आख्ख्या गावची बाळंतपणं झालेली, ती एकतीस नंबर."

मथुराबाईंनी कागदावरच्या त्या शब्दावर बोट टेकवलं.

"मग एका दिशी शेजारची बाई हळद मागायला आली आन म्हणाली, नाव काय गं तुझं? आईनं हळदीचा डबाच दिला तिला. त्या दिशी आमचं पुनर्वसन झालं, साहेब. सरकारच्या कागदात ते दोन वरसं आधीच झालेलं."

वकिलांनी चष्मा काढला.

"आमी खातो मटण. लपवून न्हाय खात. पर ज्याला नाव घालून हाक मारली, ते जनावर आमच्या दारात कधी कापलं न्हाय. म्हातारं हुतं, दारातच मरतं, बांधावर पुरतो. माझ्या सासूनं घालून दिलंय ते. इचारा कुणाला बी."

"मग हिचं नाव काय ठेवणार?"

"मी न्हाय. सहा महिने चारा हिनं घातलाय." त्यांनी ऋतिकाकडे मान केली. "तिनं सांगावं."

"हुलगी," ऋतिका म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की सगळ्यांनाच कळलं. हे नाव आत्ता सुचलेलं नव्हतं. शर्मिला मॅडमनी खाली बघितलं. जनावरांना नावं ठेवायची नाहीत, त्रास होतो, हे त्यांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं.

मथुराबाई नातीकडे वळल्या. मग एकदम मऊ आवाजात विचारलं, "आन त्या सहा जणी?"

ऋतिका बोटांवर मोजायला लागली. "चिंगी. मोगरी. ढवळी. भुरी. राखी." तिने दुसऱ्या हाताचं बोट धरलं. "आणि तान्ही. तान्ही सगळ्यात शेवटी."

आता कुठे मथुराबाईंना ती उलटी वाटी कळली. सासूने घालून दिलेला नियम या पोरीने कुणालाही न सांगता पुण्यात आणला होता, आणि सहा वेळा तो तिच्याच हातून मोडला होता. पंगतीत सतरा माणसांत बसून ती एकटीच सुतकात होती.

वकिलांनी नवा कोरा फॉर्म पुढे सरकवला आणि शाईचा पॅडही. मथुराबाईंनी पॅड परत ढकलला. पेन घेतलं आणि पुनर्वसनापुढच्या चौकोनात खूण केली, चौकोनाबाहेर जाईल एवढी मोठी. खाली नाव लिहिलं, मथुराबाई आप्पासाहेब. वेळ लागला. प्रत्येक अक्षराला मान मिळेल इतका लागला. 'प्राणी क्रमांक' या शब्दांपुढचा ७ त्यांनी खोडला नाही, कायद्याचा होता; पण त्याच्या शेजारी पेन टेकवून विचारलं, "हुलगीतला हु ऱ्हस्व का दीर्घ गं?"

"ऱ्हस्व, आजी."

त्यांनी ऱ्हस्व हुलगी लिहिली. पेनाला टोपण लावलं. मग नातीची हनुवटी धरून, मॅडम, वकील आणि मेंढी यांच्यादेखत, त्यांनी निवाडा दिला.

"ऐक. त्या सहा जणींमुळं माझ्यासारखीचं काळीज चालणार असंल, तर त्यांची नावं लक्षात ठिवून तू बरं केलंस. त्याबद्दल रडायचं तेवढं रड, मी थांबवणार न्हाय. तुझं चुकलं ते एकाच ठिकाणी. आजी काय म्हंल, हे आजीला न इचारता तू कागदावर लिवून मोकळी झालीस. माझ्या चौकोनातली खूण इथून पुढं मी करणार. आन रविवारी घरी ये. वरण मी शिजवते. पर माझ्या ताटाकडं बघून खायचं."