दातांत धरलेला राजा

नाचातल्या क्लाना राजाचा मुखवटा डोक्याला बांधत नाहीत, दातांत धरतात. आतून, तोंडापाशी, कातड्याची एक जीभ ठोकलेली असते. नाचणाऱ्यानं ती चावायची आणि खेळ संपेस्तोवर सोडायची नाही. जावा बेटावरच्या चिरबोनात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून नाचणारी कास्तिनी मुखवटा परत घेऊन आली आणि "मिमी, हा वाकडा बसतोय," म्हणाली, तेव्हा मुखवटे घडवणाऱ्या वारसिनाचं – सगळ्यांच्या मिमीचं, म्हणजे आईचं – टाळकंच फिरलं.

"तुझं थोबाड वाकडं असेल. माझ्या हातचा आहे तो. आमचे हे मरेपर्यंत घालून नाचले. कुणी वाकडा म्हणालं नाही."

"म्हणणार कोण? तुमच्यापुढे तोंड उघडायची छाती होती कुणाची?"

एरवी वारसिनाला असं उलट बोलणं आवडायचं. नवरा, रस्मद, गेल्यापासून घरात तिचं ऐकायला भिंतीवरचे मुखवटेच उरले होते, आणि त्यांच्याशी भांडून भांडून तिचा जीव विटला होता. रस्मदही कधी उत्तर देत नसे म्हणा. पण 'हं' तरी करायचा.

शहरातल्या खेळासाठी तिनं क्लानाला नवा लाल रंग चढवला होता, मुकुटाला सोनेरी वर्ख लावला होता, मिशांचे केससुद्धा नवे ओवले होते. कातड्याला मात्र हात लावला नव्हता. त्यावर रस्मदच्या दातांच्या खुणा होत्या.

"गावात लोक तिन्ही बाजूंनी बसतात, चालून जातं," कास्तिनी म्हणाली. "शहरातल्या नाट्यगृहात सगळे समोर. एवढा रागीट राजा, ओरडणार समोर आणि बघणार भलतीकडे. हसतील लोक, मिमी."

"घाल बघू."

कास्तिनी अंगणात ताठ उभी राहिली आणि तिनं कातडं चावलं. वारसिना उंबऱ्यातून बघत होती. राजा खरंच डावीकडे वळला होता. ती उठली, लुगडं सावरत त्या बाजूला गेली आणि वळून बघितलं.

तिथून तो सरळ होता. बटबटीत डोळे थेट तिच्या डोळ्यांत, नेहमीसारखे.

प्रत्येक खेळाला ती रस्मदच्या डाव्या हाताला, वाद्यांतल्या मोठ्या घंटेपाशी बसायची. काही उसवलं-फाटलं तर हाताशी असावं म्हणून मांडीवर सुई-दोरा. तिथून तिला तो कधी वाकडा दिसलाच नव्हता.

कास्तिनीनं मुखवटा काढला. "कातडं बाजूला ठोकलंय हो."

"मीच ठोकलंय. ह्यांनीच सांगितलं. म्हणाले, एका दाढेला ठणका लागतो, जरा सरकव..."

वारसिना बोलता बोलता थांबली. त्याच दाढेनं तो लबाड मरेपर्यंत खेकड्याच्या नांग्या फोडत होता.

"काय झालं, मिमी?"

"काही नाही. पाणी आण."

'असाच ने' म्हटलं असतं, तर कास्तिनी मुकाट्यानं घेऊन गेली असती. पण लोक क्लानाला हसले असते. वारसिनानं पकड घेतली आणि खिळे उपटले.

नवं कातडं तिनं बरोबर मधोमध ठोकलं. "चाव."

कास्तिनीनं तोंड वेंगाडलं. "कडू आहे!"

"मग काय गूळ लावून देऊ? चाव. तुझे दात उमटेस्तोवर तुझा नाही तो."

"जुनं टाकून देऊ का?"

"तू तुझं बघ," म्हणत तिनं ते पानाच्या डब्यात घातलं आणि झाकण लावलं.

खेळाला ती आपल्या जागी, घंटेपाशी बसली. येताना वाटेत सागाच्या पानातला भात घेतला होता, तो तसाच शेजारी पडून होता. क्लाना आला, पाय आपटले, गरगर फिरला, आणि समोरच्या अंधारावर असा भडकला की लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. वारसिनाला दिसत होता एक लाल गाल, मिशीचं टोक आणि त्यामागे कास्तिनीचा कान.

सुईत दोरा ओवलेला होता. त्या दिवशी काहीच उसवलं नाही.