सहावी बोलली की सातवी सोडा

मित्रांनो, पडद्यावर तुम्ही मला पाहिले असेल, पण ओळखले नसेल. नायिकेकडे बघायचे सोडून शिडीकडे कोण बघतो? मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातली जुनी सागवानी शिडी. बारा पायऱ्या, दोन उभे दांडे, पायाशी पितळी चाके आणि माथ्यावर दोन आकडे. ते कपाटांच्या वरून जाणाऱ्या लोखंडी दांडीत अडकवलेले आहेत. ढकलले की मी सरकते, थांबवले की थांबते. स्वभावाने जरा मानी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याचाही थोडा घोळ झाला.

मला घडवणारा सुतार मोठा अबोल माणूस होता. एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्या यांच्यावर त्याने मला उभे केले. मग वर्षानुवर्षे मी माणसांना पुस्तकांपर्यंत नेले. पदवीसाठी आलेली मुले पुढे पांढऱ्या केसांचे प्राध्यापक होऊन परतली आणि दुसऱ्याच पायरीवर धापा टाकू लागली. "आमच्या वेळी ही शिडी एवढी उंच नव्हती," असे त्यांतले एक जण मला ऐकवून गेले. ऐकून घेतले. वयाला मान द्यावा लागतो.

पुढे पुस्तकांची यादी संगणकावर आली आणि लोकांनी मान वर करणेच सोडले. वरच्या खणांतल्या जाड ग्रंथांवर धूळ बसली, तशी माझ्यावरही बसली. पण आमच्या गावाला एक नाद आहे. इथे शूटिंगवाले सारखे येतात. दगडी इमारती, लांब व्हरांडे, मोठाली झाडे, सगळे त्यांना आयते मिळते. आमच्या मुख्य इमारतीने आजवर न्यायालय, इस्पितळ आणि तुरुंग अशी तीन सोंगे घेतली. तिला विद्यापीठाचे काम मात्र कोणी दिले नाही. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एका गुप्तहेर मालिकेत प्रेत झाले होते. तेव्हापासून विद्यार्थी त्यांना रोज विचारतात, "सर, आज श्वास घेताय ना?"

आता मामांबद्दल सांगते. मामा म्हणजे ग्रंथालयाचे शिपाई. भाचा एकही नाही, पण सारे विद्यापीठ त्यांना मामा म्हणते. जवसाच्या तेलाचा बोळा घेऊन ते दर शनिवारी माझे अंग पुसत, म्हणून मी टिकले. दोन वर्षांपूर्वी वरच्या खणातून नकाशांचा एक अजस्र ग्रंथ निसटला आणि थेट माझ्या सातव्या पायरीवर आदळला. पायरीला खालच्या बाजूने चीर गेली. सहावीची खुंटीही सैल झाली आणि तिच्यावर पाय पडला की मी करकरू लागले. मामांनी दुरुस्तीचा अर्ज केला. अर्ज ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला. मामांनी मग सातवीला एक लाल चिंधी बांधली. ग्रंथालयात नवीन माणूस आला की मामा त्याला पहिल्या दिवशी एवढेच शिकवत, "सहावी बोलली की सातवी सोडा." सगळे एक पायरी गाळून चढत. दोन वर्षांत कोणाला खरचटलेसुद्धा नाही. त्यामुळे अर्जाची आठवणही कोणाला राहिली नाही.

आणि मग तो सिनेमा आला. जुन्या काळी या ग्रंथालयात पाऊल टाकणाऱ्या पहिल्या मुलीची गोष्ट होती. नायिका अगदी नवखी, पहिलाच चित्रपट. तिने माझ्यावर चढायचे, वरच्या खणातले पुस्तक काढायचे, त्यात सापडलेले पत्र तिथेच उभे राहून वाचायचे आणि रडायचे. उभे राहायचे ते नेमके सातवीवर, कारण तिथेच खिडकीचे ऊन तिच्या चेहऱ्यावर येत होते.

सकाळीच ग्रंथपाल बाईंनी मामांना बाजूला घेतले. "मामा, मागच्या वेळची तक्रार वरपर्यंत गेली होती. ही शेवटची समज आहे. आज शूटिंगमध्ये पडायचं नाही."

मागच्या वेळी मालिकेच्या नायकाने बूट घातलेले पाय पुस्तकांच्या टेबलावर ठेवले होते आणि मामांनी भर प्रसंगात ते उचलून खाली ठेवले होते. निवृत्तीला आता चारच महिने उरले होते.

"नाही पडत, बाई," मामा म्हणाले. तरी जाता जाता त्यांनी दिवे लावणाऱ्या माणसाला शिडीचे सांगितलेच. "सातवीवर कुणाला उभं करू नका हं. चिंधी बांधलीय बघा."

"हो हो, मामा, सांगतो," तो म्हणाला आणि वायरींच्या गुंत्यात शिरला. मामा बाहेर गेले. दाराशी उभे राहून मुलांना गप्प ठेवायचे, हे त्यांचे काम होते.

यानंतर जे घडले ते सगळे चांगल्या हातांनी घडले, म्हणून तर मला त्याची भीती वाटते. सजावट करणारी मुलगी आली. तिचे काम म्हणजे जे जुन्या काळातले वाटणार नाही ते नजरेआड करणे. "ही लाल चिंधी डोळ्यांत खुपते," म्हणत तिने गाठ सोडली. मग कानांना यंत्र लावलेले आवाजवाले गृहस्थ आले. त्यांनी सहावी दाबून पाहिली आणि तोंड वाकडे केले. "ही शिडी फार बोलते. पत्राच्या प्रसंगात चालायची नाही." त्यांच्या सुताराने माझ्या सांध्यांत साबण आणि मेण भरले, खुंटीभोवती लोकरी कापड ठासले आणि वरून गडद पॉलिश मारले. ते चिरेतही गेले. चीर दिसेनाशी झाली.

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कोणी मला नटवत होते. मी चमकत होते, करकरत नव्हते. आपली खूण गेली आणि आवाजही गेला, हे माझ्या लक्षात आले तेव्हा नायिकेचा पाय पहिल्या पायरीवर पडला होता.

ती भराभर चढली. सहावीवर पाय आला. मी ओरडायचा प्रयत्न केला, पण लोकरीत तोंड खुपसल्यासारखे झाले. ती सातवीवर उभी राहिली आणि पत्र वाचू लागली. चीर केसभर पुढे सरकली. खाली कॅमेऱ्याचे रूळ होते, दिव्यांचे लोखंडी पाय होते. कुठेही पडली असती तरी लोखंडावरच पडली असती.

"कट! छान," दिग्दर्शक म्हणाले. "पण आणखी एकदा करू. वाचताना जरा जास्त थांब."

दुसऱ्यांदा ती जास्त थांबली. चीर पायरीच्या मध्यापर्यंत आली. मी दोन्ही दांडे आवळून धरले, पण शिडी स्वतःला किती धरणार? ती खाली उतरली तेव्हा मला वाटले, झाले, सुटलो दोघी.

"फारच छान!" दिग्दर्शक म्हणाले. "शेवटचा एकच. या वेळी पत्र वाचून झालं की अंगातलं बळ गेल्यासारखी एकदम भार टाक. कळलं?"

"कळलं, सर," ती म्हणाली.

बाहेर दारावरचा लाल दिवा लागला. आत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. याच शांततेने मामांचे कान टवकारले. हे त्यांनीच नंतर सांगितले, म्हणून मला माहीत. दारापाशी उभे असताना त्यांना माझी सहावी नेहमी ऐकू येई. आज दोनदा 'कट' ऐकू आले, म्हणजे दोनदा कोणीतरी चढले, उतरले, आणि सहावी बोलली नव्हती. त्यांनी दाराच्या काचेला डोळा लावला. नायिका चौथ्या पायरीवर होती. वर चिंधी नव्हती. मी नव्या नवरीसारखी चमकत होते.

मामा क्षणभर थांबले. समज, तक्रार, चार महिने, सगळे त्यांच्या डोक्यात येऊन गेले. तेवढ्या वेळात ती पाचवी, सहावी करून सातवीवर पोचली. तिने पत्र उघडले.

दार धाडकन उघडले. "कट!" मामा ओरडले.

तो शब्द तिथे एकाच माणसाचा होता. पण सवय मोठी वाईट. शब्द ऐकताच कॅमेरा थांबला, दिवेवाल्यांनी हात सोडले आणि नायिका उतरण्यासाठी वळली. वळताना तिने सगळा भार एका पायावर घेतला. चीर फाकली. साबण, मेण, लोकर, कशालाच न जुमानता मी एकदाची वाजले, कट्ट.

"हलू नका, ताई! कोण ओरडलं ते बघू नका, माझं ऐका," मामा माझ्याकडे धावत येत म्हणाले. "दोन्ही हातांनी दांडे धरा. घट्ट. पत्र सोडून द्या!"

पत्र तरंगत खाली आले. मामांनी हात उंच करून दोन्ही तळवे सातवीच्या खाली लावले. पायरी त्यांनी वर दाबून धरली.

"आता उजवा पाय खाली. सहावीवर, कडेला. असा. आता डावा. शाब्बास, माझी बाय. चला."

ती जमिनीवर आली आणि मटकन खाली बसली. मामांनी तळवे काढले. कोणी हातसुद्धा न लावता पायरीचे दोन तुकडे झाले. एक रुळांवर पडून वाजला, एक माझ्या खाचेत लोंबकळत राहिला.

दिग्दर्शकांचे तोंड ओरडायला उघडले होते, ते तसेच राहिले. सजावटवाली मुलगी रडू लागली. "चिंधी मी काढली. मला वाटलं, कुणी उगाच बांधलीय." आवाजवाल्यांनी कानांवरचे यंत्र काढून हातात धरले. दिवेवाला कोणाकडे बघत नव्हता.

"मामा, चूक आमची आहे," दिग्दर्शक म्हणाले. "विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं होतं, ते खरंच," मामा म्हणाले. तेही जमिनीवरच टेकले. "पण साहेब, चिंधी सोडायला या पोरीला एक मिनिट लागलं. ती बांधून मी दोन वर्षं निवांत झोपलो. मला वाटायचं, मी सगळ्यांना सांभाळतोय. अहो, मी फक्त शिडी मोडायची वाट बघत होतो."

दारात ग्रंथपाल बाई येऊन उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "अर्ज माझ्या टेबलावर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वरून तिसरा." त्या दिवशी समज देण्याची भाषा कोणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगवाल्यांच्या त्याच सुताराने सागाची फळी आणली, तासली आणि नवी सातवी बसवली. सहावीतली लोकर उपसून खुंटीही बदलली. मामा हातात घड्याळ घेऊन शेजारी उभे होते. काम संपल्यावर त्यांनी घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले. पाऊण तास लागला होता.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी एखादी वस्तू मोडायला आली असेल आणि तुम्ही सगळे शहाणे तिला वळसा घालून जात असाल, तर आजच सुताराला बोलवा. ज्याला ठाऊक आहे तो वळसा घालतो. पण ज्याला ठाऊक नाही असे कोणीतरी रोज येत असते, आणि तुम्ही उद्या म्हणेपर्यंत ते वर चढलेले असते.